थंडीचे तास

साडेचारशे तास.
सात अंशांच्या खाली साडेचारशे तास
निजवावं लागतं या झाडाला,
तेव्हा कुठे ते फुलायचं मनावर घेतं.
आणि आम्ही रबाळ्याला,
जिथे जानेवारीतही दुपारचा पत्रा चटके देतो
आणि थंडी म्हणजे
पहाटे तासभर पंखा एकवर.

म्हणून तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
हुसेन सुर्व्यांकडून एक कोपरा घेतला भाड्याने.
बावीस कुंड्या, महिना सहा हजार.
पहिल्या वर्षी शेजारी सफरचंदांच्या पेट्या होत्या.
सफरचंदं झोपेतही श्वास सोडतात,
त्या गोड वाफेने सगळ्या कळ्या करपल्या.
डॉ. गव्हाणकर काही बोलल्या नाहीत,
माझ्या वहीतल्या त्या पानाचा कोपरा फक्त दुमडला.
सुर्वे म्हणाले, "ताई, आधी विचारायचं ना,
सफरचंदाजवळ मी कोबीसुद्धा ठेवत नाही."

दुसऱ्या वर्षी कोबीच्या खोलीत.

मोरब्याचं पाणी सात पूर्णांक चार.
याला हवं आंबट, साडेचार.
आई आमटीत आमसूल सोडते तसं
रोज सकाळी बादलीत आम्ल सोडते मी,
फक्त जिभेच्या जागी मीटर.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर
याच्या मुळांना केसच नाहीत.
एवढ्या लांब यायचं
आणि माती चाचपायला बोटं नाहीत.

फेब्रुवारीत सतरा नंबर फुललं.
पांढरी, पालथी घातलेली सुगडं,
नखाएवढी.
आतला पराग असा तसा झडत नाही,
त्याच्याशी गुणगुणावं लागतं, ठरावीक पट्टीत.
डॉक्टरांच्या यजमानांचा दाढीचा ट्रिमर आणला,
एकेका फुलाला तीन सेकंद.
वॉचमन सोमा वारघडे दारातून बघत राहिला,
हसला नाही, याचे त्याला शंभर मार्क.

मंगळवारी जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून
एक काळाकुळकुळीत भुंगा आला.
पुस्तकात लिहिलंय, हा चोर,
फुलाला बाजूने भोक पाडून मध पितो.
याने नाही पाडलं.
लोंबकळला आणि गुणगुणला,
ट्रिमरपेक्षा पुष्कळ खालच्या सुरात.
"आमच्या येऊरच्या बांबूतला दिसतो," वारघडे म्हणाला,
जसं कुणी पाहुण्याची सोयरीक सांगावी.

मग त्याने विचारलं, नाव काय झाडाचं?
ब्लूबेरी.
"ते विकायचं नाव. आपलं?"
फॉर्ममध्ये तोच रकाना आहे, स्थानिक नाव,
दोन वर्षं कोरा.
त्याने करवंद सांगितलं, तोरण सांगितलं,
आटक, अळू,
पारसिकच्या उतारावर कोण कुठे पिकतं, कुणाला काटे,
कोण कच्चं खाल्लं तर ओठ चिकटतात.
मी म्हटलं, हे त्यातलं कुणीच नाही.
तो म्हणाला, "मग राहू दे. थोडं राहिलं इथे
की पडेल."

एप्रिलअखेर सहा फळं धरली.
सहा.
निळी नव्हेत खरं तर, जांभळी,
वर राखेचा हात फिरवलेला.
वजन, गोडी, रंगद्रव्य,
सगळ्या चाचण्यांत फळ चिरडावं लागतं.
चवीचा रकाना नाही.
"चव मोजत नाहीत?" वारघडेने विचारलं,
आणि मला पेट्री डिशवरचं लेबल पुन्हा लिहावं लागलं,
अक्षर हललं होतं.

पाच फळं बुधवारी चिरडली.
सहावं अजून लालसर, म्हणून झाडावर ठेवलं.
गुरुवारी आले तर
देठ होता, फळ नव्हतं,
आणि जाळीच्या तारेवर लालबुड्या बुलबुल
चोच पुसत होता, या बाजूने, त्या बाजूने,
सावकाश.

डॉक्टर चिडल्या. सहातलं एक म्हणजे
सतरा टक्के विदा गेला.
मी जाळी शिवायला घेतली, सुतळी आणली,
अर्ध्यावर आले आणि
त्या दिवशी तेवढंच शिवलं.

शुक्रवारची नोंद माझ्या अक्षरात आहे:
नमुना सहा, उपलब्ध नाही.
कारण, पक्षी.
शेरा, सकाळी सात दहाला तोच पक्षी
सतरा नंबरपाशी
परत आला.