कानातला बिल्ला

सुराबायाच्या धक्क्यावर कंटेनर उघडला
की आधी वास बाहेर येतो, मग माणसं आत जातात.
सुपात्मीला तो वास येईनासा झाला, त्याला अकरा वर्षं झाली.
नवऱ्याला येतो.
म्हणतो, केस धुऊन ये, मग बोल.

टनाटनाच्या पोत्यांत तपकिरी भुकटी,
लांबून भाजक्या बेसनासारखी.
कागदावर तिचं नाव: मांस आणि हाडांचा चुरा.
प्रथिनं पन्नास टक्के. ओल सहा.
मूळ ठिकाण न्यूझीलंड, अगदी दक्षिणेचं टोक,
ज्याच्या पुढे नुसता बर्फ.

सुपात्मीने एवढंच बघायचं, की यात डुक्कर नाही ना.
चमचाभर भुकटी, नळीत दोन थेंब,
यंत्र तापतं निवतं, तापतं निवतं,
आणि पडद्यावरची रेघ आडवी पडून राहिली
तर सगळं हलाल.
उठून बसली तर माल आल्या पावली परत.

आज रेघ झोपलेली होती.
पण चाळणीत काहीतरी खडखडलं.

नखाएवढा पिवळा तुकडा, प्लास्टिकचा,
कडा वितळून गोल झालेल्या.
त्यावर चार, मग एक,
आणि पुढचा आकडा गिरणीने खाल्लेला.

समज, तिकडे कुणी होहेपा असेल,
गुडघाभर बूट, तोंडात थंडीची वाफ.
त्यानेच टोचला असेल हा बिल्ला,
वासराने मान झटकली असेल,
कानाला रक्ताचा एक थेंब, बस.
मग सात वेतं. मग एक पाय लंगडा.
मग फोन, आणि उतरत्या फळीचा ट्रक.
हाडाची काडं करणं म्हणतात ते आपण उगाच म्हणतो,
तिथे खरंच करतात, वाफेवर, चार तासांत.
चरबी वर तरंगते, ती साबणाला जाते,
कुठल्याशा विमानतळावर कुणी त्याने हात धुतं.
खाली राहतं ते पोत्यात.

पोतं ब्लितारच्या कोंबड्यांना, लामोंगानच्या तळ्यांतल्या माशांना.
माशांची डोकी पुन्हा गिरणीला.
पिसंही शिजतात, रक्तही वाळतं,
काही म्हणून वाया जात नाही,
आणि यात वाईट काय ते मला नीट सांगता येत नाही.
पुरलं असतं तर मातीनेही हेच केलं असतं, सावकाश.

नियम मात्र एक आहे: गाईला गाय वाढायची नाही.
एका देशात वाढली होती.
आधी गाईंचे पाय लटपटले,
मग काही वर्षांनी माणसांचे.
सगळंच पोटात घालता येत नाही.

वरचे साहेब सुगियार्तो यांनी चष्मा कपाळावर नेला,
म्हणाले, मर्यादेत आहे, लिहून टाक.
तिने लिहिलं: परकीय पदार्थ, प्लास्टिक, शून्य पूर्णांक चार ग्रॅम.
आता चुऱ्याच्या हिशेबात
परकी होती ती फक्त ती ओळख.
तुकडा कचऱ्यात जायचा, तो ॲप्रनच्या खिशात गेला.
का, ते तिला विचारू नका.

संध्याकाळी रस्त्यावरच्या तंबूत तळलेला मागूर,
मिशा कुरकुरीत, तिखट जिभेला झोंबणारं.
तिने मासा उलटला, काटा अख्खा काढला,
बाकाखालच्या मांजराला दिला.
मांजराने आधी तिची बोटं हुंगली.
बराच वेळ.

घरी किनांतीची लुडोची एक पिवळी सोंगटी हरवलेली.
आईच्या खिशातलं तिला बरोबर सापडतं.
एक्केचाळीस, तिने वाचलं. आणि पुढे?
पुढे काही नाही, खेळ.
फासा पडला, तुकडा निघाला,
लाल घरावरून, हिरव्यावरून,
आणि घरी पोचायला तीनच पावलं उरली असताना
बापाने मारला.

किनांती चिडली नाही.
उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवला
आणि सहाची वाट बघत बसली.