पिशवी

एल्कोच्या दुकानात व्हर्लन चार पिशव्या काउंटरवर मांडतो.
म्हणतो, दाबून बघ, पिळून बघ,
चावून बघायची तर आधी पैसे दे.

मी शिवण बघते.
धागा नाही, वितळवून चिकटवलेली कड.
नखाने खरवडते, पापुद्रा सुटतो का,
दुमडल्यावर कोपऱ्यात पांढरी रेघ राहते का.
नळी पोटाला जिथे जोडलीय तिथे अंगठा रेटते.
फाटायचं असतं ते तिथे फाटतं.

"ही तीन लिटरची. तोंड रुंद, बुरशी धरली तर हात घालून घासता येते."
हात घालते.
आत माझा पंजा पकडून आणलेल्या माशासारखा दिसतो.

गेल्या ऑक्टोबरात रुबी डोंगराच्या माथ्यावर
माझी स्वस्तातली रात्री दोनला फुटली.
आवाज नाही, काही नाही.
झोपेत वाटलं, आपण चार वर्षांचे आहोत
आणि अंथरूण ओलं केलंय.
बेन्यात हसला, मग हसायचा थांबला,
कारण खालचा झरा सप्टेंबरातच आटलेला
आणि मेंढ्यांच्या हौदापर्यंत उतरायला चार तास.
पहाटे माझी स्लीपिंग बॅग
फळीसारखी ताठ, खडकाला टेकून उभी.
कपारीतला जुना बर्फ वितळवून प्यालो,
त्यात पाइनच्या काड्या, आणि कसल्या तरी लेंड्या,
ज्यांची चौकशी आम्ही केली नाही.

आजोबा एर्रामून याच डोंगरात मेंढ्या राखायला आले,
बास्क मुलखातून, खांद्याला बकऱ्याच्या कातड्याची पखाल,
आतून राळेचा हात दिलेली.
तिच्यातल्या वाइनला बकऱ्याचा वास यायचा
आणि पाण्याला वाइनचा.
ॲस्पेनच्या सालीवर त्यांनी चाकूने नाव कोरलंय,
खाली एकच शब्द: एगार्री.
तहान.
झाड वाढलं तशी अक्षरं रुंदावत गेली.
ती तहान आता वीतभर आहे.

त्याच दुपारी बेन्यातने नर पाडला,
खेचराच्या कानांचा, चार टोकांच्या शिंगांचा.
पडला तो कड्यावरून,
चाळीस फूट, दगडादगडावर आपटत.
मी बाह्या वर केल्या.
सुरी उलटी, धार आकाशाकडे, दोन बोटांच्या मधून,
आतडी, जठर, मोडलेल्या बरगड्या,
आणि अगदी शेवटी, ओटीपोटाच्या खोबणीत, ती.
कांद्याच्या सालीइतकी पातळ.
आतलं पिवळं दिसावं इतकी पातळ.
भरलेली, कोमट, शाबूत.
तिला टोचलं तर मांस नासतं,
म्हणून मान चिमटीत धरून उचलायची,
श्वास रोखून.

तिला शिवण नव्हती.
झडप नव्हती, हमीचं कार्ड नव्हतं.

मी ती माहोगनीच्या झुडपाखाली ठेवली,
उसनी आणलेली वस्तू परत ठेवावी तशी.
"काय बघतेस?" बेन्यातने विचारलं.
माझी जीभ टाळूला चिकटली होती,
सांगता आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

"व्हर्लन, ही मातकट रंगाची नळाखाली भर."
फरशीवर ठेवून मी तिच्यावर उभी राहते.
आधी बूट काढून. मग बूट घालून.
मग एका पायावर,
पाठीवर हरणाची मागची तंगडी आहे असं धरून.
व्हर्लन एकदा दाराकडे बघतो, एकदा पोछ्याकडे.

फरशी कोरडी.

पैसे मोजते. नळी चावते.
नव्या बाहुलीच्या डोक्याची चव.
"चार फेऱ्यांत जाईल," तो म्हणतो.
डोंगरात नळी गोठू नये म्हणून
प्यायल्यावर फुंकर मारून पाणी मागे लोटायचं असतं.
इथे हीटर चालू आहे, तरी मी फुंकते.
पिशवी पोटातल्या पोटात
एक बुडबुडा सोडते.