पन्नासचं कार्ड, पंचेचाळीसला

मंगळवारी, दुकान बंद व्हायच्या बेताला
ऑर्विल हॅल्वरसन येतात, बुटांवरचा बर्फ आपटत,
आणि माझ्या काउंटरवर पत्त्यांचा डाव मांडावा तशी
मांडतात गिफ्ट कार्डं: तीन पेट्रोलची,
एक लहान मुलांच्या कपड्यांचं.

पन्नासचं पंचेचाळीसला.
वर त्यांच्या क्रेडिट कार्डावर डॉलरमागे पाच पॉइंट.
पेन्सिलीनं वहीत बेरीज करतात, ओठ हलवत;
हातचा एक विसरतात, परत पहिल्यापासून.

थेंबे थेंबे तळे साचे.
इथे डुलुथमध्ये तळं समोरच आहे,
समुद्राएवढं,
डिसेंबरपासून गोठलेलं.

दुकानाचा नियम आहे, मला विचारावंच लागतं:
ही कार्डं घ्या म्हणून
तुम्हाला कुणी फोन केला होता का?
(म्हातारे फसतात हो. गेल्याच महिन्यात एक बाई
दोन हजारांची घेऊन गेली.)

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले.
"फोन आला असता, पोरी,
तर पर्थच्या तिकिटासाठी
कशाला जमवत बसलो असतो पॉइंट?"

मी पावती फाडली.
कपड्यांचं कार्ड त्यांनी वेगळं,
आतल्या खिशात ठेवलं.

"हे बरं असतं," म्हणाले,
"माप माहीत नसलं तरी चालतं."