हिरवी पट्टी

सन्मती बेंगळुरूला गेला, गेमचं यंत्र इथंच राहिलं,
टीव्हीखाली, लग्न झालेल्या मुलीची पेटी
माहेरी राहते तसं.
धूळ पुसताना चालू झालं. चुकून. पहिल्यांदा तरी चुकून.

नाव विचारलं.
मी लग्नाआधीचं टाकलं, रत्नप्रभा मगदूम.
पस्तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
सुरकुत्यांची एक पट्टी होती, डावीकडून उजवीकडे सरकणारी.
पार टोकाला नेली.
गुडघ्यांची पट्टी कुठंच सापडली नाही,
त्यामुळं ती माझं तोंड घेऊन कोलांट्या मारते,
बर्फाच्या नदीत उतरते, सर्दी होत नाही.

वाटायला बारा गुण मिळाले.
फोनवर सन्मती: सगळे तलवारीला घाल आई,
बोलण्यानं कोण मरतंय?
मी बोलण्याला सात घातले, झाडपाल्याला पाच.
एकोणतीस वर्षं शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर
वह्या लिहिल्यात मी.
बोलण्यानं काय काय मरतं, मला विचार की.

पहिला लांडगा आला तेव्हा झाडावर चढून बसले.
आमच्यात मुंगीला वळसा घालतात,
दिवस मावळला की ताट वाढत नाहीत.
पण खरं सांगते, तेव्हा धर्म आठवला नाही,
नुसती भीती वाटली.
अर्धा तास तो खाली, मी वर.
मग त्यालाच कंटाळा आला.
ह्याचे गुण शून्य. मारला असता तर चाळीस.
चार महिन्यांत सहाव्या पायरीवर आहे मी,
सन्मतीचे मित्र आठवड्यात तिसावी गाठतात म्हणे.
तुझं बिल्ड चुकलंय आई.
असेल.

अंगठ्याचा सांधा सुजला.
डॉक्टर खंजिरे म्हणाले, लाटणं कमी करा.
बरं म्हटलं.

मग काठिण्य 'सोपं' करून पाहिलं.
लांडगे चावायचे,
नवा जावई जेवतो तसे, जरा जरा, लाजत.
दरोडेखोर वाट सोडून उभे राहायचे.
पेढीवर शेवटच्या वर्षी
मालकांच्या पोरानं असंच केलं होतं:
काकू, तुम्ही नुसतं बसा.
वह्या संगणकात गेल्या, मी खुर्चीत.
पंख्याखाली अकरा महिने
मला कुणी चावलं नाही.
त्याच रात्री परत 'कठीण' केलं
आणि पुलाजवळ तीनदा मेले.

दलदलीपल्याड एक म्हातारी औषध विकते.
प्यालं की सगळे गुण परत,
पुन्हा नव्यानं वाटा, कसेही.
हजार मोहरा. माझ्याकडे अकराशे.
काल रात्री दीड वाजता तिच्या दारात उभी होते.
आत दिवा. दारात एक काळं मांजर, मला ओळखत असल्यासारखं.
बी.कॉम.चं दुसरं वर्ष आठवलं, अर्ध्यात सुटलेलं,
रंकाळ्यावर पोहायला शिकणारी पोरं आठवली
आणि काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलेली मी.
दार ढकललं नाही.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
नऊशे मोहरांची एक नाव घेतली, गळकी.

आज तिसरा दिवस, लिफ्ट बंद.
कपिलतीर्थ मंडईतून दोडका, पावटा, दोन नारळ घेऊन आले,
पिशवी बोटं कापत होती.
चौथा मजला. दुसऱ्यावर थांबले, कठड्याला हात टेकून.
तिथं पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते,
धावलं की रिकामी होत जाते,
उभं राहिलं की हळूहळू भरते.
तोवर पुढं पळायचं नसतं, लांडगा असला तरी.

वरून आवट्यांचा पोरगा उतरत होता, दोन दोन पायऱ्या गाळत.
काय झालं ओ काकू?
काही नाही रे, म्हटलं,
भरतीय.