धडा सातवा

सव्वीस वर्षं मी लोकांना माद्रिदहून तोलेदोला नेते आहे,
कर्वे रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
खाली टायरचं दुकान.
सकाळी आठ वीसची गाडी. पेपे आणि कार्मेन.
जाऊन-येऊन दोन तिकिटं, खिडकीपाशी, किती झाले, धन्यवाद.
पैसे अजून पेसेतांत, कारण पुस्तक बदललं नाही,
अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सची झेरॉक्स होत आली
आणि कार्मेनच्या चेहऱ्याची हळूहळू शाई झाली.

मी स्वतः गेलेले नाही.
आधी फ्लॅटचे हप्ते, मग सासऱ्यांचं डायलिसिस,
मग नुसतीच सवय.
कुणी विचारलं तर सांगते, हो, तोलेदो फार सुंदर आहे.
व्याकरणात याला खोटं म्हणत नाहीत.

इच्छार्थी रूप शिकवताना फळ्यावर दरवर्षी एकच वाक्य:
ओखाला बाया आ तोलेदो.
जायला मिळो मला तोलेदोला.
'बाया' ऐकून मागचा बाक हसतो,
हसू ओसरेपर्यंत मी डस्टर झटकते.
शमा तांबोळी हसली नव्हती.
लिहून घेता घेता म्हणाली,
मॅडम, ओखालामध्ये अल्ला ऐकू येतो का हो?
मी म्हटलं, पोर्शन संपवायचाय.

काल साडेचारला तिचा फोन.
मी दूध तापत ठेवलेलं.
कंपनीने पंधरा दिवस माद्रिदला पाठवलंय,
एक रविवार मोकळा,
तर ही गाडी धरून थेट धड्यात गेली.
'अर्ध्या तासात पोचले, मॅडम!'
मला जरा वाईटच वाटलं.
आमच्या गाडीला दीड तास लागतो.
त्या दीड तासात कार्मेन बालपण सांगते,
सगळा अपूर्ण भूतकाळ मी तिथे बसवलाय,
अर्ध्या तासात तो कुठे मावायचा?

'दुपारची दुकानं बंद करतात, आपल्यासारखीच.'
हा विनोद आमच्याकडे नवव्या ओळीला होतो.
मी काही बोलले नाही.

'पण मी चुकलेय. फोनमधला निळा ठिपका
नुसता गल्ल्यागल्ल्यांतून घरंगळतोय.'
थांब, म्हटलं. चष्मा. पुस्तक. पान एक्केचाळीस.
नदी कुठल्या हाताला?
'दिसत नाही. ऐकू येतेय... नाही, ते कारंजं आहे.'
पूल ओलांडलास ना? मग चढ, चढतच राहा.
ओट्याशी उभी राहून मी आज्ञार्थात बोलत गेले:
उजवीकडे वळ. सरळ जा. चर्च आलं की डावीकडे.
अख्खं शहर माझ्या एका बोटाखाली,
त्यावर हळदीचा डाग.
'मॅडम, डावीकडे भिंत आहे.'
नसणार. नकाशात गल्ली आहे.
'भिंत आहे, मॅडम.'

मग बराच वेळ नुसता तिचा श्वास, चढाचा.
'विटांची आहे. वरती विटाच उभ्या-आडव्या लावून
अक्षरं काढलीत. थांबा हं,
उजवीकडून... पहिला शब्द लागतोय.'
आणि तिने तो म्हटला, हळू, बोट फिरवत असावी.
बिस्मिल्ला.

चाचणीच्या पेपरावर कोपऱ्यात
ती सातशे शहाऐंशी लिहायची.
मी एकदा लाल पेनने गोल काढून विचारलं होतं,
हा तुझा रोल नंबर आहे का?

'बाकीचं येत नाही,' ती म्हणाली,
'दादी असती तर लागलं असतं.'
मी म्हटलं, परतीची गाडी सातची, चुकवू नकोस.
'चुकली तर?'
मी पान उलटलं. पुढे धडा आठवा होता,
डॉक्टरकडे.

फोन ठेवला तेव्हा दूध उतू जाऊन
तिथल्या नदीसारखं
शेगडीला तीन बाजूंनी वळसा घालून बसलं होतं.
आधी पेन्सिल शोधली.
एक्केचाळीसवर, गल्लीच्या तोंडाशी, बारीक अक्षरात लिहिलं:
इथे भिंत आहे.
मग फडकं घेतलं.