दोन दोरे ढील

कोल्हापूरचा विकणारा फोनवर म्हणाला,
इंजिन लोणी आहे, ताई.
लोणी खरंच निघालं.
तेलात पाणी गेलं की झाकणाखाली जमतं तसलं,
पिवळट, फेसाळ.

ट्रकवरून उतरवली तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली
चहाची टपरी अख्खी उठून आली.
दोनच सीट. फायबरचं अंग. कापडाचं छत, तेही उसवलेलं.
मीटर ४१,२०७ वर कधीचा मेलेला.
इलाहीचाचांनी बॉनेटमध्ये डोकं घालून वायरी हुंगल्या,
"काय करलालीस गं रेणुका?
हिची कंपनी मेली की कवाच."

म्हटलं, चाचा, माझ्या शेडमध्ये येतं
त्यातल्या कुठल्या मशीनची कंपनी जिवंत आहे?
माझ्या जन्माआधी बंद पडलेल्या कारखान्यांचे माग,
त्यांची पिनियनं, बुश, बोल्ट
याच लेथवर काढून बाबांनी घर चालवलं.
आता मी चालवते.
नमुना येतो तो झिजलेलाच येतो.
झिजलेल्यावरून नव्याचं माप ओळखायचं,
एवढंच तर काम.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं:
हेड गॅस्केट.
क्लच केबल, रिक्षाची चालते, चार बोटं कापून.
दाराचं हँडल, भंगारातल्या मारुतीचं.
छताला नरसय्या येमूल, मंडपवाला.
त्यानं ब्लाऊजचं घ्यावं तसं माप घेतलं,
खात्री नाही म्हणून परत येऊन पुन्हा घेतलं.

भाचा तिरुपती रोज रात्री फोटो पाठवतो.
रुंद टायर. भुंकणारा सायलेन्सर.
मागे लावायचा पंख.
आत्या, हिला उडवू या.
मी ब्रेक बदलले.
तो दोन दिवस बोलला नाही.
मग रेडिएटर, दोन रांगांचा काढून तीन रांगांचा,
पंखा मोठा, कारण ही गोव्यात जन्मलेली,
हिला मे महिन्यातलं सोलापूर
कुणी सांगितलेलं नव्हतं.

बुश पहिल्यांदा चुकला.
इतका घट्ट काढला की होटगी रोडचा प्रत्येक खड्डा
सरळ मणक्यात.
बाबा असते तर म्हणाले असते,
दोन दोरे ढील सोड,
हलणाऱ्या वस्तूला श्वास लागतो.
नसते म्हणाले.
कॅलिपर माझ्या हातात देऊन
बाहेर जाऊन बिडी पेटवली असती.
दुसऱ्यांदा मी दोन दोरे सोडले.

रविवारी पहाटे हैदराबाद रोड.
छत उघडं. तिरुपती शेजारी,
मांडीवर पाच लिटर पाण्याचा कॅन.
विश्वास वेगळा, कॅन वेगळा.
मीटरची केबल रात्रीच बसवली होती, हे त्याला सांगितलं नव्हतं.
नाका सुटला आणि तो ओरडला.
सातचा आठ होत होता.
अर्धा सात, अर्धा आठ,
उंबऱ्यावर चप्पल काढू की नको करणाऱ्या पाहुण्यासारखा.
मी मागे ट्रक असतानाही वेग कमी केला.
ट्रकवाल्यानं जे म्हणायचं ते म्हटलं.

ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं, शंभरला गप्प झालं.
चाकांचं बॅलन्सिंग. वहीत घालायला हवं.
बोरामणीच्या अलीकडे काटा वर सरकू लागला
म्हणून लिंबाखाली थांबलो.
बॉनेट उघडं, भाकरी उघडी, शेंगाचटणी.
शेळ्या घेऊन चाललेला एकजण
गाडीभोवती एक फेरी मारून आला.
कितीला, काय ॲव्हरेज, काहीच विचारलं नाही.
"पाऊस आला तर?"
भिजतो, म्हटलं.
त्याला ते पटलं असावं. शेळ्या मात्र
सीटचा वास घेत रेंगाळल्या.

काटा उतरला. कॅन भरलेलाच परत आला.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवलाय,
साडीच्या बॉक्सचा, पांढरी बाजू वर.
सकाळी बघू
थेंब कुठे पडतो.