पान उलटणारी

मी तिच्या डाव्या हाताला बसायचे,
उजेडाबाहेर एक वीत.
पत्रिकेत माझं नाव नसायचं, आणि ते बरोबरच होतं.
पान उलटणारीनं अत्तर लावू नये,
मनगटात किणकिणेल असं काही घालू नये,
आवंढा गिळायचाच तर जोराच्या जागी गिळावा.

सिल्वी राउतानेन.
जिच्यासाठी हेलसिंकीत, व्हिएन्नात, ओसाकात
लोक भर थंडीत तिकिटाला उभे राहिले,
ती साठीपर्यंत सगळं तोंडपाठ वाजवत आली.
मग एका मार्चात, लाइपझिगला,
सोनाटाच्या दुसऱ्या भागात
तिचे हात वर गेले ते खाली येईनात.
अकरा सेकंद. कुणीतरी मोजले, कुणीतरी छापले.
ती मला म्हणायची, अकरा कसले गं,
मी तेवढ्यात घरी जाऊन आले.

घर म्हणजे ओउलूच्या वर, नदीकाठी,
डांबराच्या भट्ट्यांचं गाव.
बाप पाइनच्या बुंध्यांतून डांबर गाळायचा,
नखांतली काळी रेघ रविवारीसुद्धा निघायची नाही.
एका औषधवाल्याचं दिवाळं वाजलं
तेव्हा सात पिंपांच्या बदल्यात त्यानं पियानो उचलला
आणि घोड्याच्या घसरगाडीवर बांधून
गोठलेल्या नदीवरून आणला.
सहा वर्षांची सिल्वी मागून चालत होती.
मध्यावर बर्फ बोललं.
खाली, लांब कुठंतरी, तडा धावत गेला
आणि घोंगडीखालच्या तारांनी त्याला ओ दिली.
घोडा थांबला. बापानं मागं वळून पाहिलं नाही,
नुसता लगाम धरून उभा राहिला.
बाबा, वाजला, ती म्हणाली,
मी तर अजून हातही लावला नाही.

पुढचं पुस्तकांत आहे.
बेर्गरूटबाई हाताच्या पाठीवर नाणं ठेवायच्या,
पडलं की नाणं बाईंचं ;
पहिल्या वर्षी बापाची तीन पिंपं तशीच गेली.
लग्न एक, साडेचार वर्षं.
त्यांतले घरी घालवलेले दिवस तिनं मोजले नाहीत,
आर्विदनं मोजले.
मुलगी वासाला ट्रॅक्टर विकते.
एकदा ऐकायला आली, तिसऱ्या रांगेत गाढ झोपली,
आणि सिल्वी आठवडाभर सांगत सुटली,
झोपली गं ती! माझ्या वाजवण्यात झोपली!
इतकी खूश मी तिला पदक घेतानाही पाहिली नव्हती.

समीक्षक लिहायचे : थंड.
ती कात्रण चहाच्या कपाखाली ठेवायची.
बर्फच आहे, म्हणायची, पण खाली पाणी वाहतंय,
ते यांना ऐकू येत नाही, मी काय करू.

लाइपझिगनंतर पुढ्यात स्वरलिपी आली, आणि मी आले.
एकोणीस वर्षं. ती मान हलवायची, मी उठायचे,
वरचा कोपरा, पान, परत खुर्ची.
बर्गनला घामेजल्या बोटांनी दोन पानं एकदम गेली.
माझ्या पोटात खड्डा.
तिचे हात मात्र जिथं असायला हवेत तिथंच,
पांढरीवरून काळीवर, काळीवरून पांढरीवर.
आत गेल्यावर बूट काढता काढता म्हणाली,
दोन उलटलीस.
तुम्ही बघत नव्हता?
कधीच नव्हते. डोळे मिटले तरी दिसतं मला ते.
मग मी कशाला?
तिनं दुसरा बूट काढला.
मध्यावर कुणीतरी उभं लागतं.

आता ती ओउलूच्या वृद्धाश्रमात आहे.
जेवणघरात एक जुना पियानो आहे, त्यावर कुंड्या.
परवा मी गेले, तेव्हा खिडकीबाहेर नदी फुटत होती,
मोठाले तुकडे एकमेकांवर चढत, कुरकुरत.
तिची बोटं टेबलाच्या कडेवर.
तिनं मान हलवली.
माझा डावा हात उठला, सवयीनं,
समोर होता तो नुसता जेवणाचा कागद :
गुरुवार, वाटाण्याचं सूप.
मी तो उलटला.
मागची बाजू कोरी होती.
ती थांबली नाही.